प्रकरण सतरावे : चढावरचा बाक

"बाबा म्हणजे या शहराची सदसद्विवेकबुद्धी होती," थोरल्याने जाहीर केलं आणि वाक्य नीट मुरावं म्हणून तीन सेकंद थांबला.

तेवढ्या तीन सेकंदांत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "त्या बुद्धीला स्वतःचे मोजे मात्र जन्मात कधी सापडले नाहीत."

ताई हसली. दातांची डॉक्टर असल्यामुळे ती ओठ मिटूनच हसायची; दिवसभर लोकांची उघडी तोंडं पाहून तिला त्या दृश्याचा कंटाळा आला होता. धाकटा मात्र खळखळून हसला. थोरल्याच्या भाषणात कुणी खडा टाकला की त्याला लहानपणापासून बरं वाटायचं.

"आई, मी सराव करतोय," थोरला म्हणाला. "पाच वाजता सभा आहे. मुख्याधिकारी येणार, नगराध्यक्ष येणार. तिथे असं मध्येच बोलू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला बोलू? बासष्ट वर्षं नाही बोलले ती आज बोलतेय होय!"

थोरला निवृत्त प्राचार्य होता. घंटा होईपर्यंत उठून जाण्याची सोय नसलेल्या श्रोत्यांसमोर तो बत्तीस वर्षं बोलला होता, आणि त्यामुळे लोक आपलं भाषण तल्लीन होऊन ऐकतात असा त्याचा प्रामाणिक समज झाला होता.

टेबलाच्या टोकाला थोरली सून त्याच भाषणाची दुसरी प्रत घेऊन बसली होती. हातात तांबडी पेन्सिल. तिने एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती आणि आता तिला काहीही न तपासता वाचताच येत नसे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि वर त्यातल्या दोन चुका सांगायची.

"'अविरत' तीनदा आलंय," ती म्हणाली. "आणि 'अखंड' चारदा."

"अगं, माणूसच तसा होता."

"माणूस होता. भाषण नसलं तरी चालेल."

धाकटा पुन्हा हसला. त्याचा लिफ्टच्या देखभालीचा व्यवसाय होता आणि स्वभावही त्याच वळणाचा. दोन मजल्यांच्या मध्ये बराच वेळ अडकून राहायचा, मग एकदम वर तरी जायचा, नाहीतर एकदम खाली. सध्या तो थोरल्याच्या बाजूने होता. बाबांच्या अर्धपुतळ्याला त्याने आधी कडाडून विरोध केला होता. पण पुतळ्याखाली लावायच्या दगडावर तिन्ही मुलांची नावं येणार, आणि तीही वयाप्रमाणे नव्हे तर एकाच ओळीत, असं कळल्यावर त्याचा विरोध मावळला होता. ताईची अट एकच होती, पुतळ्याचे दात दिसता कामा नयेत. शिल्पकाराने तोंड मिटवून दिलं आणि तिघा भावंडांचं एकमत झालं. या घराच्या इतिहासात असं याआधी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा तिघांनाही गोवर आला होता.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. वय एक्क्याण्णव. नोकरीत असेपर्यंत ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानदारांचे तराजू तपासायचे. दिव्यांबद्दलचे अर्ज ते तेव्हापासूनच करत; निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी दुकानदारांना सोडलं आणि अख्ख्या नगरपालिकेला तराजूत घातलं. रस्त्यावरचा दिवा बंद, नाल्यावरचं झाकण फुटलेलं, दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा नाही, काहीही असो, बाबांचा अर्ज गेलाच म्हणून समजा. फुलस्केप कागद, वर विषय, खाली तीन परिच्छेद. प्रती दोन. एक आवकच्या खिडकीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा, म्हणजे पोच. पोच हातात आल्याशिवाय ते खिडकी सोडत नसत. शिक्क्यातली तारीख पुसट उठली तर पुन्हा मारायला लावत. कारण शाळेसमोरच्या गतिरोधकाचा अर्ज एकदा अशाच पुसट तारखेपायी दोन वर्षं मागे पडला होता. नगरपालिकेत त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. तिथे ते 'पोचसाहेब'.

घरातही हाच कारभार. बाराव्या वर्षी ताईने वेण्या कापायची परवानगी मागणारा अर्ज केला, तो 'दिनांक नाही' असा शेरा मारून परत आला. धाकट्याने लग्न ठरवल्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली तेव्हा बाबांनी आधी तिच्यावर 'मिळाली' असं लिहून सही केली आणि संमती आठ दिवसांनी दिली. त्या आठ दिवसांत काय काय घडलं ते मागे येऊन गेलं आहेच.

"बरं, आईची तेवढी सही राहिलीय," थोरला म्हणाला आणि त्याने फाइलमधून नगरपालिकेचं संमतिपत्र काढलं. "सभेत हे मुख्याधिकाऱ्यांच्या हातात द्यायचं. सोमवारी काम सुरू."

चार पानं होती. शेवटच्या पानावर सह्यांसाठी चार ठिपकेदार ओळी. तीन भरलेल्या. चौथीखाली छापलं होतं, 'पत्नी'. ती कोरी.

सुनेने हे कागद पाहिले नव्हते. महिनाभर ती लेकीकडे होती, काल परतली. तिने सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिल्या पानावर बाबांची स्तुती होती. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर, सातव्या कलमात, तिची पेन्सिल थांबली.

"हे वाचलंत का तुम्ही कुणी?"

"म्हणजे काय! पहिलं पान तर मी दोनदा वाचलं," धाकटा म्हणाला.

"सातवं कलम. 'पुतळ्याच्या चौथऱ्याकरिता सदर जागेवरील विद्यमान आसन निष्कासित करण्यात येईल.'"

"मग?" ताईने विचारलं.

"विद्यमान आसन म्हणजे बाक. चढावरचा. बाबांचा."

ज्या माणसाने जन्मभर कागदावरचा पूर्णविरामसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नाही, त्याच्या तिन्ही मुलांनी त्याच्याच पुतळ्याच्या कागदावर न वाचता सह्या ठोकल्या होत्या. स्तुती तिसऱ्या पानापर्यंत टिकेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

चढावरचा बाक हा बाबांचा सर्वांत मोठा विजय. मंडईकडून घराकडे येताना रस्ता चढतो, आणि चढाच्या बरोबर मध्यावर, औषधाच्या दुकानाशेजारच्या भिंतीला लागून तो बाक होता. त्यासाठी बाबांनी अकरा वर्षं अर्ज केले. नगरपालिकेने आधी जागा नाही म्हणून कळवलं, मग बाक नाही, मग बाक आहे पण बसवणारा नाही. शेवटी बसवला, तो घाईत. डावीकडचा मागचा पाय आखूड पडला आणि बसलं की बाक डुगडुगायचा. त्या पायाचा अर्ज अजून प्रलंबित होता.

"बाकाचं काय एवढं," थोरला जरा वेळाने म्हणाला. "पुतळा झाला की लोक उभं राहून वंदन करतील."

"दादा, त्या चढावर दमलेली माणसं बसतात," ताई म्हणाली. "वंदन करायला कोण चढ चढून येणार आहे?"

"तू आता फिरू नकोस हं. सही केलीयस."

"सही तर यानेही केलीय."

"मला विचाराल तर," धाकटा म्हणाला आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकला.

एवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. ठेंगणी, चौऱ्याऐंशी वर्षांची, चष्मा गळ्यातल्या दोरीला. थोरल्याने शेवटचं पान वर काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आई, इथे कर."

"काय आहे?"

"बाबांचा पुतळा. संमती."

"वाचू दे."

"अगं, वाचायचं काय त्यात? बाबांचाच पुतळा आहे, दुसऱ्याचा नाही!"

"मोजे शोधायचं काम मी त्यांचं करायचे, वाचायचं काम ते माझं करायचे," आई म्हणाली. "आता दोन्ही मलाच बघायला हवं." तिने चारही पानं घेतली, नीट ठोकून सारखी केली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

"आता संध्याकाळपर्यंत देते की नाही कोण जाणे," थोरला म्हणाला. "वहिनी, तू तरी समजाव, असं म्हण रे कुणीतरी."

"माझी वहिनी, तुझी बायको," धाकटा म्हणाला. "तूच म्हण."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भाषणातला चौथा 'अखंड' खोडला आणि ती उठली.

समजावायला ती जाणार नव्हतीच. तिला जे ठाऊक होतं ते या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आई रोज साडेपाचला "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून बाहेर पडायची आणि पाऊण तासाने यायची. घरच्यांना वाटायचं, ती बागेला वळसा घालते. सुनेने पूर्वी छापखान्यातून येताना आणि आता औषधं आणायला जाताना तिला कितीदा पाहिलं होतं. आई बाकापर्यंत जायची आणि तिथेच पाय मोकळे करायची, म्हणजे बसायची. बाबा होते तेव्हा दोघं बसत. बाबा मध्यभागी फाइल ठेवत आणि आई एका टोकाला कशीबशी टेकायची. तीन महिन्यांपासून ती मधोमध बसत होती. येणारे-जाणारे तिच्याशी दोन शब्द बोलायचे, औषधवाला दुकानातून पाणी आणून द्यायचा. दिवसभरात तिला कुणी 'कशा आहात' असं विचारायची ती एकच जागा होती. सुनेने हे कधी घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिघांनी मिळून आईची बसायची वेळ, जागा आणि पद्धत ठरवून दिली असती.

आत जाण्यापूर्वी तिने कपाटातून आपला जुना शब्दकोश काढला आणि त्यातून एक पिवळा पडलेला कागद.

आई पलंगावर बसून तिसरं पान वाचत होती. बोट सातव्या कलमावर.

"'निष्कासित' म्हणजे उखडणार ना गं?"

"हो, आई."

"मग उखडणार असं सरळ लिहायला काय झालं? एवढा मोठा शब्द वापरला की बाकाला कमी दुखतं का?"

"तुम्ही बाहेर बोला ना. ते ऐकतील."

"कोण ऐकणार? थोरला समजावेल, धाकटा चिडेल आणि लेक माझं ब्लडप्रेशर बघेल." आईने चष्मा काढला. "आणि बोलू तरी काय? मला बसायला बाक हवाय? त्यांचा पुतळा होतोय आणि बाईला आपल्या बुडाची काळजी! लोक काय म्हणतील? त्यांनी तो गावासाठी मागितला होता, माझ्यासाठी थोडाच."

सुनेने तो पिवळा कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"हा काय?"

"बाकाचा पहिला अर्ज. कच्चा. मी या घरात आले त्याच वर्षी बाबांनी मला तपासायला दिला होता. मी तपासलेलं कधी टाकून देत नाही."

आईने चष्मा पुन्हा लावला. बाबांचं टोकदार, उजवीकडे कललेलं अक्षर. दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ खोडलेली होती, पण बाबा खोडतानाही पट्टीने एकच रेघ मारत, त्यामुळे खालचं स्वच्छ वाचता येत होतं. 'माझी पत्नी मंडईतून येताना चढावर दोनदा थांबते व पिशवी भिंतीला टेकवून उभी राहते. तिला बसावयास जागा नाही.' त्यावर, बारीक अक्षरात, नवी ओळ होती. 'परिसरातील अनेक वयोवृद्ध नागरिकांची गैरसोय होते.'

आईने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वयोवृद्ध!" ती म्हणाली. "एक्कावन्न वर्षांची होते मी!"

"म्हणूनच खोडलं असेल त्यांनी."

"खोडून हे लिहिलं! आणि मला म्हणायचे, तू एवढा वेळ लावतेस कशाला, भाजी काय पिकवून आणतेस?" तिने खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. खिडकीतून समोरच्या घराच्या पंपाचा आवाज येत होता. "थांबायचे ते यांना कुठून दिसलं असेल गं? हे तर कधी मंडईत यायचे नाहीत."

"गच्चीवरून दिसतो चढ."

"हं," आई म्हणाली. "म्हणून दुपारचे गच्चीवर जायचे. मला वाटायचं, दिवे मोजतात." तिने नाक ओढलं, कागदाची घडी घातली आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला. मग तिचा आवाज एकदम बदलला. "त्यांचे फुलस्केप कुठे आहेत? आणि ते निळे कागद, मध्ये घालायचे? विषय वर लिहितात की मायन्याच्या खाली?"

"वर," सून म्हणाली. "मी लिहू का?"

"तू फक्त चुका बघ."

चुका दोनच निघाल्या. एक वेलांटीची. दुसरी म्हणजे आईने शेवटी 'आपली विश्वासू' लिहिलं होतं; अर्जाखाली 'अर्जदार' लिहितात म्हणून सुनेने ते खोडायला सांगितलं. आई म्हणाली, राहू दे.

सभा नगरपालिकेच्याच इमारतीत होती. खाली आवक-जावकच्या खिडक्या, वर सभागृह. शनिवार असूनही कर्मचारी थांबले होते. काही आपखुशीने, काही हजेरीसाठी. पोचसाहेब खरोखरच गेले याची खात्री करायला दोन निवृत्त अभियंतेही आले होते. व्यासपीठावर बाबांचा फोटो होता. फोटोतले बाबा ध्वनिक्षेपकाच्या लोंबणाऱ्या वायरीकडे नाराजीने पाहत असल्यासारखे दिसत होते.

थोरल्याने भाषण केलं. सदसद्विवेकबुद्धी आली, तीन सेकंदही आले, आणि या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. खरं तर चांगलं झालं ते. शेवटी शेवटी कागद बाजूला ठेवून तो म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं, रस्त्यावरचे दिवे माझे बाबाच लावतात," आणि त्यापुढे त्याला बोलता आलं नाही. पहिल्या रांगेत ताई तोंड उघडं टाकून रडली. धाकट्याने दादाला हात धरून खाली आणलं. सुनेच्या मनात आलं, हे वाक्य छापील प्रतीत नव्हतं. असतं तर आपण त्याला हातही लावला नसता.

मग मुख्याधिकारी उठले. तरुण होते, नुकते बदलून आलेले. पोचसाहेबांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध फक्त नऊ अर्जांचा. त्यांनी पुतळ्याची घोषणा केली, टाळ्या घेतल्या आणि ओघात म्हणाले, "आज आई इथे आहेत. आई, तुम्ही आज्ञा करा, ही नगरपालिका तुमच्या शब्दाबाहेर नाही. आणि आता त्यांच्या हस्ते संमतिपत्र..."

आई उठली. थोरल्याने "सही केलीस ना?" असं डोळ्यांनी विचारलं. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. व्यासपीठाच्या चार पायऱ्या ती कठड्याला धरून चढली. कठडाही बाबांच्याच अर्जाचा. ध्वनिक्षेपक तिच्या कपाळासमोर आला. कुणीतरी तो खाली केला.

"संमतिपत्र मी वाचलं," ती म्हणाली. "छान लिहिलंय. पण बाक काढणार म्हणताय, तेवढं नको. माझी सही त्यावर नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. मुख्याधिकारी मान वाकवून म्हणाले, "आई, पण चौथऱ्याला जागा लागेल ना?"

"पुतळा कमरेपर्यंतचाच आहे ना?"

"हो. अर्धपुतळा."

"मग त्यांना बसायचा प्रश्नच नाही. भिंतीवर लावा त्यांना, बाकाच्या वर. बाक खाली आम्हाला राहू द्या. आम्ही अजून पूर्ण आहोत."

आधी मागून कुणीतरी हसलं, मग सगळंच सभागृह हसलं. धाकटा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. लिफ्ट एकदम वरच्या मजल्यावर पोहोचली होती. ताईने थोरल्याच्या दंडाला धरून हलवलं. थोरल्याने डोळे पुसले, उभा राहिला आणि प्राचार्यांच्या आवाजात म्हणाला, "कुटुंबाचं हेच मत आहे." हे मत कुटुंबाला अर्ध्या मिनिटापूर्वी झालं होतं, पण आवाज असा होता की बासष्ट वर्षं जुनं वाटावं.

"नक्की, नक्की," मुख्याधिकारी म्हणाले. "मी जातीने बघतो, आई."

"बघू नका," आई म्हणाली आणि पर्समधून दोन फुलस्केप काढले. "विषय वर आहे. दुसऱ्या परिच्छेदात डावीकडच्या पायाचंही लिहिलंय, तो डुगडुगतो. एक प्रत तुमची. एक माझी. हिच्यावर पोच द्या."

"आत्ता?"

"खिडकी खालीच आहे की."

सभागृह पुन्हा हसलं, पण आई हसत नव्हती आणि जागची हलतही नव्हती. बासष्ट वर्षांत तिने नवऱ्याच्या हाती कितीतरी पोची पाहिल्या होत्या. ही पहिली स्वतःची. तिसऱ्या रांगेतून आवकचा लिपिक उठला. पंचवीस वर्षं त्याच खिडकीत बसलेला, केस पांढरे झालेला माणूस. तो जिना उतरून गेला. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग खण ओढल्याचा. वर दोनशे माणसं गप्प बसून वाट पाहत होती. एखाद्याच्या स्मरणार्थ शांतता पाळतात, तिच्यापेक्षा ही बरीच लांबली. पहिल्या रांगेत सुनेने पाहिलं, आईचा उजवा हात पर्सवर होता, त्या पिवळ्या कागदाच्या घडीवर.

लिपिक शिक्का आणि शाईची पेटी घेऊन वर आला. त्याने व्यासपीठावरच्या टेबलावर आईची प्रत ठेवली, शिक्का शाईत दाबला आणि दोन्ही हातांनी मारला. सही केली. नमस्कार करून कागद तिच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले होते. मुख्याधिकारी टाळ्या वाजवायला हात उचलतच होते, फोटोवाला पुढे सरसावला होता, थोरल्याला तर पुन्हा हुंदका आला.

आईने चष्मा नाकावर नीट बसवला, कागद हातभर लांब धरला आणि शिक्क्याकडे निरखून पाहिलं.

"तारीख नीट उठली नाही," ती म्हणाली. "परत एकदा मारता का?"